आटलेली सीट

सौरगाडीच्या टीममध्ये तिला सगळे चिमटी म्हणत, आणि हे नाव तिला मनापासून आवडे. त्याआधी लहान चणीचा तिला जाचच झाला होता. शाळेच्या फोटोत कायम पहिल्या रांगेत, तेही मांडी घालून. नातेवाइकांकडे गेलं की एखादी काकू हमखास विचारणार, हिला जेवायला घालता ना. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी शिपायाने दारात अडवून, बाळ, तू कुणाबरोबर आलीस, असं विचारलं होतं. दुसऱ्या वर्षाला वर्कशॉपच्या फळ्यावर सूचना लागली की उन्हावर चालणाऱ्या शर्यतीच्या गाडीसाठी चालक हवा आहे, अंगाने बारीक असावा आणि हात साफ असावा. ती वाचताना चिमटीला वाटलं, कुणीतरी आपल्याला हाक मारली.

हात तिचा साफ होताच. वडील दुधाचा टँकर चालवत. अर्धा भरलेला टँकर चालवणं म्हणजे मोठं जोखमीचं काम, कारण आतलं दूध डचमळलं की अख्खी गाडी पुढे ढकलली जाते. त्यामुळे त्यांचा पाय असा हलका की शेजारी बसलेल्याला गाडी कधी थांबली तेही कळू नये. लेकीला त्यांनी तसंच शिकवलं. "ब्रेक करकचून दाबावा लागला, म्हणजे तू पुढचं बघितलं नव्हतंस," एवढंच ते म्हणत, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत.

सौरगाडीलाही हेच लागत होतं. पाठीवरच्या काळ्या पट्ट्या ऊन पितात, बॅटरीत साठवतात, पण मिळतं ते जेमतेम. जड पायाचा चालक ते बघता बघता उडवून टाकतो. चाचणीच्या दिवशी चिमटी मैदानाला फेऱ्या मारून आली तेव्हा कॅप्टनने मीटर बिघडलाय की काय म्हणून झटकून बघितला. कॅप्टन म्हणजे शेवटच्या वर्षाचा उंच, तापट मुलगा. गाडीसाठी जीव टाकायचा आणि इतरांनीही टाकावा असं त्याला वाटायचं. त्याने तिथल्या तिथे तिला चालक नेमलं. राखीव चालक म्हणून बारक्या नावाचा एक मुलगा घेतला. अंगाने तो तिच्यासारखाच काटकुळा होता, पण पाय हातोड्यासारखा.

मग तिच्या मापाची सीट बनवायची ठरली. हे काम मावशीचं. मावशी चिमटीच्याच वयाची, हॉस्टेलात एकाच खोलीत राहणारी; पण पिशवीत सदैव सुईदोरा, डोकेदुखीची गोळी, कुणाला तरी लागेल म्हणून जास्तीचा रुमाल, म्हणून सगळ्यांची मावशी. गाडीचं फायबरचं सगळं अंग तिने घडवलं होतं. तिने चिमटीला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात बसवलं आणि भोवती फुगणारा फोम ओतला. फोम गरम होत फुगत गेला, पाठीला, कुशीला, मांड्यांना येऊन टेकला. हलायचं नाही, मावशीने बजावलं, आणि शिंकलीस तर शिंकलेली सीट मिळेल. दोघी इतक्या हसल्या की पहिला साचा वायाच गेला. दुसऱ्यांदा चिमटी श्वास रोखून बसली. त्या साच्यावरून फायबरच्या कापडाची, रेझिनने घट्ट केलेली जी सीट निघाली तिच्यात ती अशी बसायची, की वर काचेचं झाकण लागलं की गाडी तिने अंगात घातल्यासारखीच वाटे. भोवती बोटभरही जागा उरत नसे. कॅप्टन मुद्दाम पाहुण्यांना आणून दाखवायचा.

त्या हिवाळ्यात तिचे घोटे सुजायला लागले. संध्याकाळी मोज्यांचे वळ इतके खोल उमटत की बोट फिरवलं तर खाच लागे. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की मूत्रपिंडाचं दुखणं आहे, बरं होण्यासारखं आहे, पण गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील. या गोळ्यांनी भूक वाढेल, चेहरा गोल होईल, अंग भरेल. घाबरायचं नाही आणि आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. चिमटीने एकच विचारलं, गाडी चालवलेली चालेल ना? बाईंच्या डोळ्यांसमोर साधी, गार हवेची गाडी असावी. त्या म्हणाल्या, न चालायला काय झालं. चिमटीने पुढे काही खुलासा केला नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने स्वतःला सांगूनही टाकलं की परवानगी मिळाली.

टीममध्ये तिने कुणालाच कळू दिलं नाही. गोळ्यांची पट्टी कंपासपेटीत ठेवली. भूक मात्र लपेना. मावशी कौतुकाने म्हणायची, बरं झालं बाई, जेवायला लागलीस. गाल वर आले, हनुवटीखाली मऊ घडी पडली. आरशासमोर ती मान वर करून उभी राहायची, म्हणजे घडी दिसायची नाही. जन्मभर ज्या अंगाला सगळे पुरेसं नाही म्हणत आले, ते पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं होतं, आणि नेमकं तेच आता हातातून निसटत होतं. हे कुणाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं, तेही तिला कळत नव्हतं.

सुट्टीत घरी गेली तेव्हा चालकाचा अंगरखा बरोबर नेला. आई घरीच लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायची. दुखण्याचं आईला ठाऊक होतं, शर्यतीचंही. पण या दोन गोष्टी एकमेकींना भेटतात हे लेकीने तिला सांगितलं नव्हतं. अंगरख्याची चेन पोटावर येऊन अडली तशी आईने तो उलटा केला, कुशीच्या शिवणी उसवल्या आणि आत दुमडलेलं कापड बाहेर काढून नवी टीप मारली. परत देताना म्हणाली, "धुतल्यावर कापड आटतं. चालायचंच." डोळे मशीनवरच होते. चिमटीला रडू आलं, ते तिने खोकल्यात दडवलं. आईचं ते खोटं मायेचं होतं. पण तेच चिमटीने पुढे ज्या कामाला लावलं, ते आठवलं की आजही तिचे कान गरम होतात.

शर्यतीच्या आधीचे सराव सुरू झाले. चिमटी सीटमध्ये उतरली ती कमरेशी अडली. जोर लावून बसली खरी, पण झाकण लावताना खांदे दाबले गेले. मावशी वाकून बघत होती. कुठे लागतंय, तिने विचारलं.

"सीट आटलीय का गं?" चिमटी म्हणाली. "रेझिन वाळताना आटतं ना?"

आटतं, थोडं आटतं. म्हणूनच हे खोटं खपलं. मावशीचा चेहरा पडला. तिने माप लावून बघितलं. माप चुकलेलं नव्हतं, पण आपल्या मापापेक्षा मैत्रिणीच्या शब्दावर तिचा विश्वास जास्त. कॅप्टनला कळलं तसा तो वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर मावशीवर घसरला. तुला एक काम दिलं होतं, ते धड जमलं नाही. शर्यत तोंडावर आली आणि चालक गाडीत मावत नाही. फायबर म्हणजे भरतकाम वाटलं का. मावशी खाली मान घालून ऐकत राहिली. चिमटी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. बोलायला तोंड उघडलंही होतं. मग तिच्या मनात आलं की आत्ता आपण बोललो तर कॅप्टनची नजर आपल्या अंगावरून खालपासून वरपर्यंत फिरेल. तिने तोंड मिटलं.

पुढचे कितीतरी दिवस मावशी लेक्चरं बुडवून सीट आतून घासत बसली. पॉलिश पेपर घ्यायचा, घासायचं, पुसायचं, चिमटीला बसवून बघायचं, पुन्हा घासायचं. फायबरची भुकटी कातडीत रुतून तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले, ते झोपेतही खाजवायची. सीट जिथे फार पातळ झाली तिथे बाहेरून नवा थर चढवला. आणि दर वेळी चिमटी बसून उठली की मावशीच म्हणायची, सॉरी हं, तुला माझ्यामुळे त्रास. चिमटी म्हणायची, असू दे. हे 'असू दे' तिने किती वेळा म्हटलं असेल, कोण जाणे. गोळ्या आपलं काम करतच होत्या. मावशी जेवढी जागा करून द्यायची, तेवढी चिमटी भरून काढायची.

शर्यतीआधी तपासणी असते. मोठ्या शेडमध्ये सगळ्या विद्यापीठांच्या गाड्या ओळीने लागल्या होत्या, दोरीपलीकडे घरची माणसं उभी होती. चिमटीचे आईवडीलही आले होते. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आधी चालकाचं वजन. हलक्या चालकाचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून सगळ्यांना सारखं वजन भरून देतात, शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या सीटमागे ठेवून. कॅप्टनने चिमटीच्या जुन्या वजनावरून हिशोब करून पिशव्या आणल्या होत्या आणि हौसेने काट्याशेजारी रचल्या होत्या. चिमटी काट्यावर चढली. परीक्षक म्हणून एक वयस्क बाई होत्या, गळ्यात घड्याळ अडकवलेल्या. त्यांनी आकडा बघितला, पिशव्यांकडे बघितलं, आणि एक पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग दुसरी. मग आणखी. शेवटी एकच उरली. बाईंना त्यात काही विशेष नव्हतं, त्यांचं रोजचं काम. बारक्या म्हणाला, कॅप्टन, एवढं शिसं आपण उगाच वाहून आणलं की. मावशी त्या बाजूला काढलेल्या पिशव्यांकडे बघत उभी होती.

मग खरी परीक्षा. आग लागली तर चालकाला कुणाच्या मदतीशिवाय, ठरलेल्या सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. चिमटी आत बसली, पट्टे लावले, झाकण बंद झालं. बाईंनी हात खाली केला. तिने पट्टे सोडले, झाकण ढकललं, कडेवर हात रोवून अंग वर उचललं आणि कमरेशी अडकली. एक कूस मोकळी केली तर दुसरी रुते. घामाने हात निसटत होते. बाईंनी घड्याळ थांबवलं, दम घे म्हणाल्या, पुन्हा करू. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ती इतकी घट्ट बसली की ना वर ना खाली. अखेर कॅप्टन आणि बारक्याने काखेत हात घालून तिला ओढून काढलं. अंगरखा वर सरकून पोट उघडं पडलं, अंगरख्याची आईने घातलेली टीप फाटली, आणि त्या फाटण्याचा आवाज शेडभर झाल्यासारखा तिला वाटला. दोरीपलीकडे वडील पाठ फिरवून उभे होते. आपण बघतोय हे लेकीला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं. ते तिला कळलं, आणि ते सगळ्यांत जास्त लागलं.

बाईंनी साधेपणाने विचारलं, ही सीट कुणाच्या मापाची आहे?

"हिच्याच," मावशी म्हणाली. म्हणता म्हणता तिचं तिलाच उमगलं. ती चिमटीकडे बघायला लागली. पिशव्या, मोकळी केलेली सीट, गाल, सगळं तिच्या डोळ्यांत एकेक करून जुळत होतं, आणि चिमटीला तिथे उभं राहून ते बघावं लागलं.

चालक म्हणून बारक्याचं नाव लागलं. तो सीटमधून टुणकन उडी मारून बाहेर आला, आणि एवढं करूनही त्याला आनंद झाल्यासारखं दाखवता येईना.

पाण्याच्या नळापाशी चिमटीने मावशीला गाठलं. गोळ्यांचं सांगितलं, दुखण्याचं सांगितलं. मग म्हणाली, "सीट आटली नव्हती. मला माहीत होतं."

चिमटीला वाटलं होतं ती दुखण्याचं ऐकून विरघळेल, मावशीच ती. पण मावशी नळाखाली हात धुत राहिली.

"मी घरी फोन करून सांगितलं होतं की मला हे काम जमत नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी शाखा बदलते म्हणून. आई दोन दिवस मला समजावत होती." तिने नळ बंद केला. "आजारी होतीस तर सांगायचं होतंस. मी तुझी सीट दहादा बनवली असती. जा, हेच सगळ्यांसमोर सांग. कॅप्टनने मला सगळ्यांसमोर बोलून घेतलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, टीम चहाला तंबूत जमली तेव्हा चिमटी उभी राहिली. मनाशी जुळवलेली वाक्यं एकही आठवेना. सीटमध्ये दोष नव्हता, मी वाढले होते, मी खोटं बोलले आणि मावशीला बोलणी खाऊ दिली, तिची माफी मागते, असं ती एका दमात म्हणाली आणि आता बसावं की उभंच राहावं हे न कळून तशीच राहिली. कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं, ते थांबलं. कॅप्टनचे कान लाल झाले. तो मावशीला म्हणाला की भरतकामाचं जे बोललो ते चुकलं. मावशी म्हणाली, निघायला उशीर होतोय.

शर्यत लांबच्या सरळ रस्त्यावरची, काही दिवसांची. पहिल्या दिवशी चिमटी मागच्या सामानाच्या ट्रकमध्ये सुट्या टायरांवर बसून होती. तिला चिमटी म्हणून कुणी हाक मारत नव्हतं. 'ती', 'अगं', 'ऐक', असं चाललं होतं. सगळ्यांनी सौजन्य म्हणून नाव टाळलं होतं, आणि त्या सौजन्याने तिला कुठे तोंड लपवू असं होई. पुढे बारक्या गाडी हाणत होता. दुपार कलायच्या आत बॅटरी रिकामी झाली. गाडी रस्त्याकडेला लावून पट्ट्या सूर्याकडे तिरप्या धरून सगळे उभे राहिले आणि बाकीची विद्यापीठं हात हलवत पुढे गेली. हिच्या पायाने गाडी अजून पळत असती, हे सगळ्यांच्या मनात होतं. तिच्याही होतं. पण तसं वाटून घेण्याचासुद्धा आपल्याला हक्क उरलेला नाही, असं तिला वाटे.

दुसऱ्या दिवशी निघताना कॅप्टन ट्रकपाशी आला. तिच्याकडे न बघता त्याने वॉकीटॉकी पुढे केला. "मागच्या गाडीत बस. तू बोल त्याच्याशी. माझं ओरडणं ऐकून त्याचा पाय आणखी जड होतो."

वॉकीटॉकीवरचं बोलणं सगळ्या टीमला ऐकू येई, मावशीलाही. पहिले काही मैल रस्ता सपाट होता. मग समोर चढ आला, आणि बारक्या नेहमीसारखा चढाच्या पायथ्याशी पाय देणार हे तिला मागूनही कळलं. आत्ता नको, ती म्हणाली. चढ दिसतोय ना, मग आधीच थोडी गती घे, आणि अर्ध्यावर पाय काढ. वरून गाडी आपली आपण उतरेल. तिने त्याला ढगाची सावली कुठवर आहे ते सांगितलं, वळणाआधी ट्रक येतोय ते सांगितलं. एकदा त्याने ब्रेक दाबला तेव्हा, काय बघितलं नव्हतंस, असं विचारलं. बारक्या म्हणाला, आतमध्ये भट्टी आहे गं चिमटे, तू हे कसं सोसायचीस. नाव त्याच्या तोंडून सहज गेलं. पुढे उतार आहे, पाय काढ, एवढंच ती म्हणाली.

ते जिंकले नाहीत. बरेच मागे राहून, पण स्वतःच्या उन्हावर, शेवटच्या रेघेपार गेले. निम्म्या गाड्या ट्रकवर लादून आल्या होत्या. बारक्याला बाहेर काढून पाणी पाजलं, सगळ्यांनी त्याला उचललं. तेव्हा चिमटीला इतका आनंद झाला की तिचा तिलाच संकोच वाटला. फोटोसाठी तिला बोलावलं कॅप्टनने. ती कडेला जाऊन उभी राहिली. मावशी दुसऱ्या कडेला होती.

शर्यतीनंतर तिला घरी नेताना वडिलांनी तपासणीचा विषय काढला नाही. डॉक्टरीणबाईंना मात्र तिने स्वतः होऊन सगळं सांगितलं. त्या भडकल्या, अशा दुखण्यात तसल्या उकाड्यात बसली असतीस तर काय झालं असतं, याची कल्पना आहे का, म्हणाल्या. आणि ती कल्पना त्यांनीच तिला नीट दिली. त्या वर्षात गोळ्या हळूहळू कमी झाल्या, चेहरा बराचसा मूळ वळणावर आला, अंग काही पूर्वीइतकं उतरलं नाही. मावशीने खोली बदलली. शाखा बदलली नाही. चिमटी टीममध्ये राहिली, वायरिंगकडे. गाडीत पुन्हा बसली नाही. तिने मागितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मावशी तिच्याशी कामापुरतं बोले, सभ्यपणे, जसं आपण पोस्टातल्या माणसाशी बोलतो. चिमटीने दोनदा माफी मागायला म्हणून तिच्या खोलीचं दार गाठलं आणि दोनदा तशीच परतली. माफी एकदा मागून झाली होती. पुन्हा मागितली तर मावशीलाच आपली समजूत घालायला लावल्यासारखं झालं असतं.

नव्या गाडीचा साचा तयार होत होता त्या दिवसांतली गोष्ट. चिमटी वर्कशॉपच्या कोपऱ्यात तारा सोलत बसली होती. बाकी सगळे जेवायला गेले होते. मावशी एकटीच साच्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं लांबलचक कापड अंथरत होती. एक टोक बसवलं की दुसरं घसरे, आणि रेझिन तर घट्ट व्हायला लागलेलं. तिने दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग तिने कोपऱ्याकडे बघितलं.

"हात रिकामे आहेत का?"

चिमटीने तारा खाली ठेवल्या, हातमोजे चढवले आणि पलीकडचं टोक धरलं. दोघी साच्याच्या दोन बाजूंनी कापड ताणत, बुडबुडे दाबून काढत पुढे सरकत राहिल्या.

"माझा राग गेलेला नाहीये," मावशी म्हणाली.

"माहीत आहे."

"ढील देऊ नकोस. ताणून धर."

चिमटीने ताणून धरलं.